बीबीएचा रिफ्लेक्टिव्ह रिपोर्ट : ‘हे वर्णन झालं, चिंतन कुठे आहे?’ या शेऱ्यावर काय करावं?

शेवटचा_बाक

बीबीएच्या शेवटच्या सत्रात सगळ्या वर्षांवर मिळून एक रिफ्लेक्टिव्ह रिपोर्ट द्यायचा आहे. २००० शब्द, तीन प्रसंग, प्रत्येकाला पुरावा आणि नंतर १० मिनिटांची व्हायवा (तोंडी परीक्षा). पहिला मसुदा ‘हे वर्णन झालं, चिंतन कुठे आहे?’ असा शेरा घेऊन परत आला. मसुद्यात गटप्रकल्प, इंटर्नशिप आणि फायनान्सची असाइनमेंट असे तीन भाग आहेत. प्रत्येक भाग ‘यातून टीमवर्क, वेळेचं नियोजन आणि संवादकौशल्य शिकायला मिळालं’ अशा अर्थाच्या वाक्याने संपतो.

प्रसंग कशावरून निवडायचे? चिंतनाच्या मांडणीसाठी गिब्जचं चक्र वापरावं की कोल्बचं? गटातल्या एकाने कामच केलं नसेल तर ते लिहायचं कसं, की लिहूच नये? आणि पुरावा म्हणून काय जोडलेलं चालतं?

रोजकीर्द

शेऱ्याचं कारण तुमच्या प्रश्नातच आहे : ते शेवटचं वाक्य. कुठल्याही विद्यार्थ्याच्या कुठल्याही प्रकल्पाखाली ते चिकटवता येईल. परीक्षकाला तुमच्या निर्णयाचा हिशोब हवा असतो. तेव्हा समोर काय दिसत होतं, त्यावरून काय ठरवलं, ते का फसलं किंवा का जमलं, आणि पुढे तशीच वेळ आली तेव्हा काय वेगळं केलं.

‘गटप्रकल्प’ हा प्रसंग नव्हे, तो काही महिन्यांचा काळ आहे. सादरीकरणाच्या आदल्या संध्याकाळी दोन स्लाइडवरचे विक्रीचे आकडे जुळत नाहीत हे लक्षात आलं आणि अर्ध्या तासात काहीतरी ठरवावं लागलं, हा प्रसंग. निवडताना एवढंच पाहा : त्यात निर्णय तुमचा होता का, त्या दिवसाचा कागद किंवा फाइल हातात आहे का, आणि तशीच परिस्थिती नंतर पुन्हा आली होती का. तिसरी अट सगळ्यात महत्त्वाची. दुसरी खेप नसेल तर ‘शिकलो’ हा शब्द सिद्ध करायला तुमच्याकडे काहीच उरत नाही.

लिहायला बसण्याआधी दोन-तीन तास फक्त साहित्य गोळा करा. जुन्या असाइनमेंटच्या फाइली तारखेप्रमाणे लावा, शिक्षकांचे शेरे असलेल्या प्रती काढा, ईमेल शोधा. गूगल डॉक्स किंवा शीट्स वापरलं असेल तर व्हर्जन हिस्ट्री उघडा. कोणत्या दिवशी कोणता परिच्छेद कोणी बदलला हे तिथे दिसतं. मग पाच रकान्यांचा तक्ता करा : तारीख, काय ठरवलं, तेव्हा काय माहीत होतं, काय झालं, पुढच्या खेपेला काय केलं.

तिसरा रकाना केवळ आठवणीवर भरू नका, त्या दिवशीची फाइल उघडून भरा. एकदा निकाल कळला की ‘हे होणारच होतं, दिसतच होतं’ असं मन सांगू लागतं. बारूक फिशहॉफ यांनी १९७५ मध्ये प्रयोगांतून हे दाखवलं : शेवट माहीत असलेल्या लोकांना तो शेवट आधीपासूनच जास्त संभवनीय होता असं वाटतं. रिपोर्टमध्ये हे शिरलं की ‘सुरुवातीपासूनच नियोजन कमी पडत होतं’ अशी वाक्यं येतात. व्हायवामध्ये ‘मग सुरुवातीलाच काही का केलं नाही?’ एवढ्या एका प्रश्नावर ती कोसळतात.

शब्दांचं वाटप : प्रस्तावना १५०, शेवट २००, मधे उरतात १६५०. तिन्ही प्रसंगांना सारखे ५५० देऊ नका. जो सर्वात खोल जातो त्याला ८००, बाकी दोघांना ४२५-४२५. आणि कुठल्याही प्रसंगात वर्णन एक पंचमांशाच्या वर जाऊ देऊ नका. नुसतं वर्णन कापलं तरी त्या शेऱ्याचं अर्धं उत्तर मिळेल.

खतावणी

वरच्या प्रतिसादाशी सहमत. चक्राबद्दल सांगतो.

गिब्जचं चक्र १९८८ चं, पायऱ्या सहा : वर्णन, भावना, मूल्यमापन, विश्लेषण, निष्कर्ष, कृती आराखडा. कोल्बचं १९८४ चं, पायऱ्या चार : अनुभव, त्याकडे मागे वळून पाहणं, त्यातून नियम काढणं, तो नियम वापरून पाहणं. माणसांशी संबंधित प्रसंग असेल, ताण किंवा वाद असेल, तर गिब्ज बरं पडतं, कारण भावनेला तिथे स्वतंत्र जागा आहे. एकच कौशल्य पुन्हापुन्हा वापरलं असेल (एक्सेल मॉडेल, सर्वेक्षण, सादरीकरण) तर कोल्ब. तीन प्रसंगांना वेगवेगळी चक्रं चालतात, फक्त प्रस्तावनेत एका वाक्यात तसं सांगा.

गिब्जमध्ये बहुतेक जण मूल्यमापन आणि विश्लेषणात अडकतात. दोन्हीकडे तेच लिहिलं जातं. मूल्यमापन म्हणजे काय बरं झालं आणि काय वाईट. विश्लेषण म्हणजे का झालं. विश्लेषणाच्या परिच्छेदात ‘कारण’ हा शब्द नसेल, किंवा वर्गात शिकलेली एखादी संकल्पना तिथे कामाला लागलेली नसेल, तर ते अजून मूल्यमापनच आहे.

फायनान्सचं उदाहरण घेतो, कारण ही चूक फार ठिकाणी होते. एक्सेलचं एनपीव्ही (निव्वळ वर्तमान मूल्य, म्हणजे पुढे मिळणाऱ्या रकमांची आजची किंमत काढणारं) फंक्शन त्याला दिलेली पहिली रक्कम आजची नव्हे, एका कालावधीनंतरची धरतं. त्यामुळे सुरुवातीची गुंतवणूक फंक्शनच्या कंसात न घालता बाहेर वेगळी मिळवायची असते. समजा गुंतवणूक १,००,०००, पुढची तीन वर्षं दरवर्षी ४५,००० आणि दर १० टक्के. बरोबर उत्तर ११,९०८. गुंतवणूक कंसात घातली तर १०,८२६. म्हणजे खरं उत्तर भागिले १.१.

आता यावरचं कच्चं चिंतन असं असतं : ‘एक्सेलमध्ये चूक झाली, यापुढे काळजी घेईन.’ पण चूक लक्षात का आली नाही ते पाहा. दोन्ही उत्तरं धनच आहेत. प्रकल्प स्वीकारायचा हा निर्णय बदललाच नाही, त्यामुळे कोणालाच खटकलं नाही. निर्णय बदलतो तो दोन प्रकल्पांचं काम दोघांनी दोन शीटवर केलं तर. पहिल्याची शीट बरोबर, उत्तर ११,९०८. दुसऱ्याच्या शीटमध्ये हीच चूक, उत्तर ११,२००. गट पहिला प्रकल्प निवडतो. पण दुसऱ्याचं खरं उत्तर १२,३२०. निवड उलटी झाली.

इथे विश्लेषण सुरू होतं. हा प्रश्न एक्सेलचा कमी आणि काम वाटून घेण्याच्या पद्धतीचा जास्त आहे. दोन शीट एकाच नियमाने बनल्यात का हे पाहणं कोणाचंच काम नव्हतं. कृती आराखडाही मग आपोआप नेमका होतो : दोघांनी आकडेमोड करायची असेल तर आधी एक छोटं उदाहरण कॅल्क्युलेटरवर सोडवायचं, दोन्ही शीटमध्ये तेच उदाहरण घालून उत्तर जुळवायचं, मगच खरे आकडे भरायचे.

कृती आराखड्याची कसोटी अशी की त्यात काम, वेळ आणि पडताळणी तिन्ही दिसायला हवीत. ‘वेळेचं नियोजन सुधारीन’ यात तिन्ही नाहीत.

तेरीज

गटातल्या निष्क्रिय सदस्याबद्दल : लिहावं, नक्की लिहावं. तक्रार म्हणून मात्र नको. नाव द्यायचं नाही, ‘सदस्य ख’ असा उल्लेख पुरे.

या प्रसंगाला सिद्धांत अगदी नेमका लागू पडतो. रिंगेलमान या फ्रेंच कृषी अभियंत्याने दोर ओढण्याच्या प्रयोगांत पाहिलं होतं की माणसं वाढतात तसा माणशी जोर कमी होतो. त्याचं लेखन १९१३ चं. १९७९ मध्ये लाताने, विल्यम्स आणि हार्किन्स यांनी टाळ्या आणि ओरडण्याच्या प्रयोगांत तेच तपासलं आणि सोशल लोफिंग हे नाव रूढ झालं. पुढच्या कामातून दिसलं की प्रत्येकाचा वाटा वेगळा ओळखता येत असेल तर ही ढिलाई कमी होते. तेव्हा ‘ख ने काम केलं नाही’ या वाक्यापाशी थांबू नका. पुढचा प्रश्न स्वतःला विचारा : ख ने काम केलं नाही हे गटाला कोणत्या तारखेला कळलं, आणि त्याआधी कळेल अशी काही सोय होती का? बहुतेक गटांत ते सबमिशनच्या तोंडावर कळतं, कारण वाटणी ‘तू मार्केटिंग बघ, मी फायनान्स बघतो’ इतकीच झालेली असते. काम, कोणाचं, कधीपर्यंत आणि ‘झालं’ म्हणजे नेमकं काय, यातला चौथा मुद्दा कुठेच लिहिलेला नसतो. ‘स्पर्धकांचा अभ्यास’ एकाला दोन ओळी वाटतो, दुसऱ्याला चार पानं.

शांतपणे वागणारा सदस्य आणि काम टाळणारा सदस्य यांत फरक करा. सहा जणांच्या गटात दोघादोघांच्या जोड्या १५ होतात, चार जणांच्या गटात ६. मोठ्या गटात एखाद्यापर्यंत बदललेली रूपरेषा पोहोचलेलीच नसते. आरोप लिहिण्याआधी व्हर्जन हिस्ट्री आणि ग्रुपवरचे निरोप तपासा. तुम्ही समन्वयक असाल तर निरोप न पोहोचण्यात तुमचाही वाटा असू शकतो. तो प्रामाणिकपणे लिहिलात तर तो परिच्छेद अख्ख्या रिपोर्टमधला सगळ्यात भक्कम होईल.

गट कसा घडत जातो हे सांगणाऱ्या टकमनच्या पायऱ्या (१९६५ च्या चार, १९७७ मध्ये जोडलेली पाचवी) वापरणार असाल तर लेबल म्हणून चिकटवू नका. ‘आमचा गट स्टॉर्मिंगमध्ये (वादाच्या पायरीवर) होता’ याने काहीच कळत नाही. वाद कशावरून झाला, कोणता नियम ठरल्यावर तो मिटला, हे लिहा आणि मग पायरीचं नाव घ्या.

आणखी एक, खतावणी यांच्या उदाहरणाला जोडून. गटप्रकल्प फुटतो तो भागांच्या सांध्यावर. मार्केटिंगच्या भागात ग्राहकसंख्या एक, फायनान्सच्या भागातली विक्री दुसऱ्याच ग्राहकसंख्येवर. प्रत्येक भाग आपल्यापुरता बरोबर, एकत्र वाचले की विसंगत. तुमच्या प्रकल्पात असं झालं असेल तर तोच प्रसंग निवडा. पुरावा फाइलमध्येच सापडतो, आणि सगळी गृहीतकं एकाच शीटवर ठेवून बाकीच्या शीटनी तिथूनच आकडे उचलायचे हा उपाय पुढच्या प्रकल्पात केलात का, ते दाखवता येतं.

कच्चीवही

पुराव्याबद्दल कोणी सविस्तर लिहिलं नाही म्हणून.

चालतं : मसुद्याच्या दोन आवृत्त्या शेजारीशेजारी, शिक्षकांच्या शेऱ्याची प्रत, बैठकीची टिपणं, शीटचा आधीचा आणि नंतरचा स्क्रीनशॉट. प्रमाणपत्रं आणि फोटो जोडू नका, ते हजेरी सिद्ध करतात, शिकणं नाही. प्रत्येक पुराव्याला क्रमांक द्या आणि मजकुरात योग्य वाक्यापाशीच ‘(पुरावा २)’ असं लिहा. शेवटी नुसता गठ्ठा जोडला तर तो कोणी उघडत नाही.

इंटर्नशिपच्या कागदांना मात्र जपा. कंपनीचं नाव, ग्राहकांची नावं आणि खरे आकडे लेखी परवानगीशिवाय वापरू नका. आकड्यांची गरज असेल तर पहिला महिना १०० धरून बाकीचे त्या प्रमाणात मांडा, चढउतार दिसतो आणि रक्कम कळत नाही. नाव झाकताना दोन चुका होतात. पीडीएफवर नुसता काळा चौकोन ठेवला तर खालचा मजकूर तसाच राहतो, निवडून कॉपी केला की वाचता येतो. आणि वर्डमध्ये चित्र क्रॉप केलं तरी कापलेला भाग फाइलमध्ये शिल्लक असतो. कॉम्प्रेस पिक्चर्समधून तो मुद्दाम काढावा लागतो. सोपा मार्ग : आधी चित्रावरच खोडून नवी प्रत सेव्ह करा, मग ती रिपोर्टमध्ये घ्या. ग्रुपवरचे निरोप जोडायचे तर त्या सदस्यांना आधी विचारा.

शेवटचा_बाक

सगळ्यांचे मनापासून आभार. सांध्यावरचा मुद्दा आमच्या प्रकल्पाला तंतोतंत लागू आहे, तोच ८०० शब्दांचा करतो. एक शंका : तिन्ही प्रसंग फसलेलेच हवेत का? चांगलं झालेलं लिहिलं तर ती फुशारकी वाटेल?

रोजकीर्द

एक तरी जमलेला प्रसंग घ्याच. तो लिहायला जास्त अवघड आहे, कारण यशाचं श्रेय आपण सहज स्वतःकडे घेतो आणि अपयशाचं खापर परिस्थितीवर फोडतो. म्हणून जमलेल्या प्रसंगात तीन गोष्टी वेगळ्या करून लिहा : तुम्ही मुद्दाम केलेली, दुसऱ्याने केलेली आणि योगायोगाने घडलेली. सर्वेक्षणाला भरपूर उत्तरं आली ती प्रश्नावली छोटी ठेवल्यामुळे, की शिक्षकांनी वर्गात सांगितल्यामुळे? पुढच्या सर्वेक्षणात शिक्षकांनी सांगितलं नव्हतं आणि तरीही उत्तरं आली असतील तर श्रेय प्रश्नावलीला देता येईल. नसतील आली तर तेही लिहा.

खतावणी

फुशारकीचं म्हणाल तर विशेषणं काढून टाका आणि क्रियापदं ठेवा, ती आपोआप जाते. व्हायवासाठी प्रत्येक प्रसंगावर दोन उत्तरं तयार ठेवा : ‘हेच कारण कशावरून?’ आणि ‘हे नंतर कुठे वापरलं?’ दुसऱ्या प्रश्नाला ती फाइलच उघडून दाखवता आली पाहिजे. तेव्हा लॅपटॉप नेणार असाल तर तिन्ही फाइली आधीच उघडून, बरोबर त्या शीटवर आणून ठेवा. १० मिनिटांत फाइल शोधण्यात गेलेला वेळ परत मिळत नाही.