बफेलोत बर्फाचं वादळ, लाईट गेलीय, पोरगा एकटा आहे. घरात गॅस पेटवून बसला तर चालेल का?

केळीबाग_रावेर
राम राम मंडळी. मुलगा अमेरिकेत बफेलोला शिकायला आहे, पहिलाच हिवाळा त्याचा. परवापासून तिकडे बर्फाचं वादळ चालू होतं ते आत्ता थांबलं (तिकडे सकाळ, आपल्याकडे संध्याकाळ), पण दाराशी कमरेएवढा बर्फ साचलाय, दार अर्धंच उघडतं आणि रात्री लाईट गेली ती अजून नाही. घर गरम करायचं मशीन गॅसवर आहे पण त्याचा पंखा लाईटवर, म्हणून तेही बंद. स्वयंपाकाचा गॅस काडीने पेटतो, तर तो म्हणतो पप्पा चारही बर्नर लावून खिडक्या बंद करून बसतो. मागच्या अंगणात कोळशाची शेगडी आहे, ती आत आणू का असंही विचारत होता. खालच्या मजल्यावर घरमालक आजी-आजोबा आहेत, सत्तरीच्या पुढचे, त्यांच्या दारातला बर्फही काढायचाय. आपल्याकडे पारा १० च्या खाली गेला की बागेत रात्रीचं पाणी द्यायचं, बांधावर धूर करायचा, केळी कशी वाचवायची ते मला कळतं, पण उणे १२ मध्ये माणसाने काय करायचं ते सांगा कोणीतरी. त्याच्या फोनला चार्जिंग कमी आहे आणि घरात हिचा दुपारपासून जीव थाऱ्यावर नाही.

अमळनेरकर_मिनेसोटा
काका आधी एवढं त्याला मेसेज करा, मग बाकीचं वाचा: शेगडी आत आणायची नाही आणि ऊब म्हणून गॅस पेटता ठेवायचा नाही. चहा-खिचडी करायची, बंद करायचा. बंद खोलीत कार्बन मोनॉक्साईड साठतो, त्याला ना वास ना रंग, डोळेसुद्धा चुरचुरत नाहीत, डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते आणि माणूस तसाच झोपेत जातो. छताला किंवा भिंतीला गोल पांढरा अलार्म असेल, त्याचं बटण दाबून वाजतो का बघायला सांगा. वाजायला लागला की अंगावर जॅकेट टाकून सगळ्यांनी बाहेर आणि ९११ ला फोन.

आता बाहेरचं. घराच्या भिंतीतून जमिनीपासून हात-दीड हातावर पांढरे प्लास्टिकचे पाईप निघालेले असतात, हे मशीनचे श्वास घ्यायचे-सोडायचे पाईप. ते बर्फाखाली गाडले असतील तर सगळ्यात आधी ते मोकळे करायचे, अंगण राहू दे, गाडी राहू दे. कारण लाईट आली की मशीन आपोआप चालू होतं आणि पाईप बुजलेला असला तर एकतर ते बंद पडतं नाहीतर धूर घरात येतो. गाडीत बसून फोन चार्ज करायचा असेल तर आधी सायलेन्सरच्या तोंडापुढचा बर्फ हाताने उकरायचा, मगच चावी फिरवायची, आणि गाडी गॅरेजमध्ये असेल तर बाहेर काढल्याशिवाय चालू करायचीच नाही.

फावडं भरून उचलून फेकायचं नाही, जमेल तेवढं ढकलायचं, आणि कमरेएवढा आहे तर वरून थर थर काढायचा. आजोबांना फावडं हातात घेऊ देऊ नका म्हणा, अगदी ठासून सांगायचं. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, बीपी चढतं, त्यात ओला बर्फ उपसायचा म्हणजे हृदयावर एकदम ताण. २०२२ च्या नाताळात बफेलोतच वादळ झालं त्यात ४० च्या वर माणसं गेली, कोणी गाडीत अडकून, कोणी बिनलाईटच्या घरात गारठून आणि बर्फ काढताना हार्ट अटॅक येऊन गेलेलेही त्यात होते.

फौजी_चाळीसगाव
वरच्या भाऊंनी बरोबर सांगितलं. लडाखला होतो तेव्हा बुखारी (रॉकेलची शेगडी) झोपायच्या आधी विझवायची हा हुकूमच असायचा, कितीही थंडी असो. आपल्याकडे पण दर हिवाळ्यात बातमी येतेच की दार लावून शेगडी ठेवली आणि सकाळी कोणी उठलंच नाही.
कपड्याचं बघा. आपण कापसाच्या मुलखातले पण बर्फात कापूस अंगाला लावायचा नाही, घामाने ओला झाला की तो अंगातली ऊब ओढून घेतो. जीन्स नको, आत लोकर नाहीतर ते सिंथेटिक थर्मल, मोजे ओले झाले की लगेच बदलायचे. दम लागला, घाम सुटला की थांबायचं. बोटं पांढरी पडून बधिर झाली तर चोळायची नाहीत आणि विस्तवापुढे पण धरायची नाहीत, कोमट पाण्यात ठेवायची. दारू तर अजिबात नको भो, ऊब आल्यासारखी वाटते फक्त.

धुळ्याची_आई
दादा, माझी मुलगी टोरांटोला असते, आम्ही पण यातून गेलोय. अख्खं घर गरम ठेवायच्या मागे लागू नका म्हणावं त्याला. एकच लहान खोली धरायची, आतली शक्यतो, दाराच्या फटीला टॉवेल गुंडाळून लावायचा, खिडकीला ब्लँकेट टांगायचं आणि आजी-आजोबांना पण त्याच खोलीत घ्यायचं. ऊन आलं की त्या बाजूचा पडदा उघडायचा, मावळलं की लगेच ओढायचा. गरम पाण्याची बाटली गोधडीत पायाशी ठेवायची, याने फार बरं वाटतं. आणि पोटात काहीतरी गरम सारखं जाऊ द्या, उपाशी माणसाला थंडी जास्त वाजते. वहिनींना सांगा, फोनवर रडू नका, तो घाबरतो.

केळीबाग_रावेर
सगळ्यांचे उपकार. मेसेज केला, शेगडी बाहेरच आहे, बर्नर बंद केले. अलार्म वाजतो म्हणाला. पाईप मात्र पूर्ण गाडले गेले होते, आत्ता मोकळे करून आला आणि आजोबांना वरच्या खोलीत आणलं. आता म्हणतो किचनच्या नळाला पाण्याची धार एकदम बारीक झालीय, पाईप गोठत असेल का?

अमळनेरकर_मिनेसोटा
हो, गोठायला लागलाय. तो नळ थोडा उघडाच ठेवा, सिंकखालच्या कपाटाची दारं उघडी टाका. मेणबत्ती, लायटर काही पाईपला लावायचं नाही. पाण्याचा मेन व्हॉल्व्ह कुठे आहे तो आजोबांना आत्ताच विचारून ठेवा, बहुतेक तळघरात असेल, पाईप फुटला तर पहिला तोच बंद करावा लागेल. धार पूर्ण थांबली तर लगेच इथे लिहा, मी जागाच आहे.