मदत हवी आहे : प्रायमस, पेट्रोमॅक्स, थर्मास आणि घरोघरची बोली

नमस्कार. मराठी घरांत व्यापारी नावे वस्तूंची सर्वसाधारण नावे कशी झाली, यावर एक टिपण लिहीत असून त्यासाठी आपल्या आठवणींची मदत हवी आहे.

प्रायमस ही 1892 साली स्टॉकहोममध्ये सुरू झालेल्या कंपनीची खूण; परंतु पंप मारून, बर्नरच्या वाटीत काकडा पेटवून आणि पिनेने भोक मोकळे करून चालवायचा रॉकेलचा कोणताही स्टोव्ह, मग तो कोणत्याही कारखान्यातला असो, अनेक घरांत प्रायमसच म्हटला जाई. वातीच्या स्टोव्हला मात्र हे नाव सहसा लागले नाही, हे मला विशेष वाटते. थर्मासची गोष्ट तर न्यायालयापर्यंत गेली आणि 1963 साली अमेरिकेतील अपील न्यायालयाने तो शब्द सर्वांचा झाल्याचे मान्य केले. फ्रिजचे मूळ फ्रिजिडेअर या व्यापारी नावात की रेफ्रिजरेटर या सर्वसाधारण शब्दात, हा वाद येथे नको.

माझी खरी अडचण पेट्रोमॅक्सची आहे. हे जर्मन नाव वरातीत डोक्यावरून मिरवणाऱ्या दिव्यांना आपल्या भागात कितपत लागले, की तेथे गॅसबत्ती हाच शब्द चालला? विदर्भ, कोकण, मराठवाडा आणि गोव्यातील जाणकारांनी गाव, साधारण काळ व शब्दाचे लिंग कळवावे. जुन्या दुकानाची पावती किंवा जाहिरात असल्यास तिचे छायाचित्र अधिक उपयोगी पडेल.