बिल्डरने विकलेलं स्टिल्ट पार्किंग

कोथरूडकर: आमची 2004 ची बिल्डिंग. गाड्या जास्त, जागा कमी. एक सभासद म्हणतात, "स्टिल्टची, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधली जागा मी बिल्डरला पैसे मोजून घेतलीय." पोरांच्या सायकली मात्र मीटरबॉक्सखाली एकमेकींत अडकलेल्या, एक काढायची तर चार आडव्या होतात. फार चीड येते. काय करावं?

सेक्रेटरीकाका: सुप्रीम कोर्टाचा 2010 चा पांचाली सोसायटी निकाल वाचा. तुमच्यासारख्या जुन्या इमारतींत स्टिल्ट सामाईक. बिल्डरला स्वतंत्र विकता येत नाही. वाटप सोसायटीचं. जागा अपुऱ्या असतील तर आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायटीच्या कारभाराचे नमुना नियम) दरवर्षी चिठ्ठ्या टाका.

ठाणेकरीण: आधी मंजूर नकाशाची प्रत काढा. सायकलींची जागा दाखवलेली असेल तर वार्षिक सभेत लेखी मागा. तोंडी बोललेलं इतिवृत्तात येत नाही हो!

कोथरूडकर: नकाशासाठी उद्याच अर्ज करतो.