तुटक्या गोल काचेची त्रिज्या कशी काढायची?

प्रश्न: गोल टेबलाची काच फुटली. कडेचा एकच तुकडा शिल्लक आहे, केंद्र त्यात नाही. नवी काच कापायला त्रिज्या हवी. कशी मिळेल?

उत्तर १: तुकडा कागदावर ठेवून कड गिरवा. कंसावर एकमेकांपासून लांब असे तीन बिंदू घ्या, ते जोडून दोन जीवा (कंसावरचे दोन बिंदू जोडणाऱ्या सरळ रेषा) काढा आणि दोन्हींचे लंबदुभाजक (मध्यातून जाणाऱ्या लंबरेषा) काढा. ते छेदतात तिथे केंद्र. बिंदू जवळजवळ घेतले तर दुभाजक जवळपास समांतर होतात आणि छेदबिंदू भलतीकडे सरकतो.

उत्तर २: कागद पुरणार नाही हो! गणितानेच करा. जीवा मोजा, तिच्या मध्यापासून कंसापर्यंतची लंब उंची मोजा. जीवा २४ सेंमी, उंची ८ सेंमी असेल तर केंद्रापासून जीवेपर्यंतचं अंतर त्रिज्या (त्रि) वजा ८, म्हणून पायथागोरसने
त्रि² = १२² + (त्रि − ८)²
म्हणजे १६ × त्रि = २०८, त्रिज्या १३ सेंमी.

प्रश्नकर्ता: त्याच आकड्यांनी माझं उत्तर ४० येतंय.

उत्तर २: १२ ऐवजी अख्खे २४ घेतलेत. केंद्रातून टाकलेला लंब जीवेला दुभागतो, म्हणून अर्धीच जीवा.

उत्तर ३: उथळ तुकड्याला जपा. जीवा २४, उंची १ सेंमी असेल तर त्रिज्या ७२.५ येते, उंची १.१ वाचली की थेट ६६. एका मिलिमीटरने साडेसहा सेंमी गेले! शक्य तितकी लांब जीवा घ्या. आणि काचवाला बहुधा व्यास विचारेल, दुप्पट करून सांगा.