मोठ्या फ्लँजच्या स्टडची लांबी: तक्त्यावरून की मोजून?

साइटवाला:
फ्लँज म्हणजे पाइपच्या टोकाची, जोडणीसाठीची कडी; अशा दोन फ्लँज आवळणारा, दोन्ही टोकांना नट बसणारा आटेदार दांडा म्हणजे स्टड. पाइप २४ इंचांपर्यंत असेल तर सोपं आहे, फ्लँजच्या एएसएमई बी१६.५ या मानकाच्या तक्त्यात लांबी आयती मिळते. २६ ते ६० इंचांना बी१६.४७ हे मानक लागतं आणि खरी गफलत तिथे होते. त्यात सिरीज ए आणि बी असे मापांचे दोन वेगळे संच आहेत. ३६ इंची, १५० क्लासच्या (क्लास म्हणजे दाबाची श्रेणी) फ्लँजला सिरीज ए मध्ये दीड इंची ३२ स्टड, तर सिरीज बी मध्ये सात-अष्टमांश इंची ४४. कुठला तरी तक्ता उचलून ऑर्डर देणं मला साफ चूक वाटतं. आलेले फ्लँज मोजा. समजा, सिरीज ए चे दोन्ही ९० मिमी जाड भरले, तर १८०. मधलं दाबलेलं गॅस्केट (गळती रोखणारी चकती) ३, दोन नट ७६, दोन्हीकडे दोन-दोन आटे बाहेर (या स्टडला इंचाला ८ आटे) म्हणजे १३. झाले २७२.

ड्रॉइंगवाली:
फ्लँज येईपर्यंत थांबलात तर स्टड कधी येणार? बी१६.५ च्या परिशिष्टातलं सूत्र फ्लँजच्या जाडीत वरचा टॉलरन्स (मापात चालणारी जास्तीची सूट) आधीच मिळवतं. तीच पद्धत इथे लावा. चार-सहा मिमी जास्त निघाले तर काही बिघडत नाही. कमी पडले तर सगळा लॉट वाया, कारण पाइपिंगच्या बी३१.३ या मानकाप्रमाणे नटात एकापेक्षा जास्त आटा रिकामा चालत नाही.

साइटवाला:
चार-सहाला कोण नाही म्हणतंय? "असू दे" म्हणत २५-३० वाढवतात, त्याचा मला राग आहे. बाहेरचे आटे गंजतात, त्यांवर रंग चढतो आणि पुढच्या शटडाउनला (देखभालीसाठी प्लांट बंद असताना) नट निघता निघत नाही.

टेन्शनिंगवाला:
स्टड कशाने आवळणार, हे तुम्ही दोघांनीही विचारलेलं नाही. हायड्रॉलिक टेन्शनरला (तेलाच्या दाबाने स्टड ताणणारं साधन) पकडीसाठी एका बाजूला नटाबाहेर साधारण स्टडच्या व्यासाइतके आटे हवेत. म्हणजे वरच्या उदाहरणात २७२ नाही, ३०४ च्या आसपास. ते आटे ग्रीस लावून टोपीने झाका, गंजाचा प्रश्न मिटतो.

ड्रॉइंगवाली:
बरोबर, आणि हे डिझाइनच्या वेळीच ठरवता येतं. ऑर्डरवर एवढंही लिहा: लांबी पहिल्या आट्यापासून शेवटच्या आट्यापर्यंत, टोकाचा उतार सोडून. पुरवठादार सर्रास टोकापासून टोकापर्यंत मोजतात.

साइटवाला:
लिहा. पण ब्लाइंड फ्लँजची (पाइपचं टोक बंद करणारी, भोक नसलेली) जाडी जोडीच्या वेल्डनेकइतकी (पाइपला वेल्ड केलेल्या फ्लँजइतकी) असेलच असं नाही, आणि ४०० क्लासपासून पुढे ७ मिमीचा रेझ्ड फेस (गॅस्केट बसतं तो उंचावलेला भाग) जाडीत धरलेला नसतो. मध्ये स्पेक्टॅकल ब्लाइंड (दोन फ्लँजमध्ये बसणारी, पाइप बंद करायची चष्म्यासारखी तबकडी) असेल तर आणखी एक गॅस्केट वाढतं. माप हातात आल्याशिवाय मी तरी सही करणार नाही.