मदत हवी आहे: हरित पट्टा रहिवासी करण्यावर हरकत

आमच्या सोसायटीमागचा शेतीचा पट्टा विकास आराखड्यात हरित विभागात आहे. गृहप्रकल्पासाठी तो रहिवासी करायचा प्रस्ताव आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना (एमआरटीपी) कायदा, 1966 च्या कलम 37(1) खालची, आराखड्यातल्या फेरबदलाची सूचना राजपत्रात आलीय, हरकतींना एक महिना. झोन दाखला (जमीन कोणत्या विभागात आहे त्याचा) आणि भागनकाशा (आराखड्यातला त्या भागाचा नकाशा) काढलाय. प्रस्तावाची फाईल माहिती अधिकारात मागितली, पण उत्तराची मुदतही 30 दिवसांची, म्हणजे कागद हाती येईपर्यंत हरकतीची वेळ संपलेली! त्या पट्ट्यातून ओढा वाहतो, पावसाळ्याची खरी काळजी तीच आहे.

जमीन आमची नाही, वैयक्तिक नोटीसही नाही. वकील लगेच परवडणार नाही. मुदतीत त्रोटक हरकत देऊन कागदपत्रं सुनावणीत जोडता येतात का? आणि शेजारी म्हणून सुनावणीला बोलावणं बंधनकारक आहे का?