फॉरवर्डनं कोण मरत नाही म्हणे!

जांबोटीफाटा

काल रात्री खडेबाजारवाल्यांनी मुलं पळवणाऱ्या टोळीचा मेसेज इथं टाकला. हे खोटं आहे असं कुणी म्हटल्यावर त्यांनी खाली लिहिलं, 'खोटं असेल तर असू दे, सावध झालो तर बिघडलं काय? फॉरवर्डनं कोण मरत नाही. मारणारा मुळातलाच गुंड असतोय. कारस्थानाच्या गोष्टींतून हिंसा होते हा इंग्रजी पेपरवाल्यांचा बागुलबुवा.' त्याला एकतीस अंगठे. त्या एकतीस जणांसाठी लिहितोय. लांबलंय, चहा घेऊन बसा.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्हा, साक्री तालुका, राईनपाडा. आठवड्याचा बाजार. भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, बहुतेक मंगळवेढ्याकडचे. पोरं पळवणारे म्हणून धरलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि पाचही जणांना ठार मारलं. ग्रामपंचायतीत! जिथं आपण घरफाळा भरतो तिथं. एवढे सगळे मुळातलेच गुंड एकाच बाजाराला कसे आले होते वो?

त्यानंतर बारा दिवसांनी आपल्याच कर्नाटकात, बिदर जिल्ह्यात. हैदराबादहून फिरायला आलेल्या मित्रांनी वाटेत पोरांना चॉकलेटं दिली. लोकांना संशय, बाचाबाची, ते गाडीत बसून सुटले. पण गाडीच्या आधी मेसेज पुढं पोचला. मुरकी गावात रस्ता अडवून ठेवलेला. गाडी उलटली आणि एक तरुण इंजिनिअर जमावाच्या हातून गेला. चॉकलेटापायी.

त्या वर्षीचा तो व्हिडिओ आठवतोय? मोटरसायकलवरचे दोघे रस्त्यात खेळणारं पोर उचलून पळतात, तो. कराचीतल्या एका संस्थेनं पालकांना जागं करायला काढलेला. मूळ व्हिडिओत ते दोघे परत येऊन पोराला सोडतात आणि फलक दाखवतात. कुणीतरी तेवढा शेवट कापला आणि उरलेला आपल्याकडं फिरला. सावध करायलाच काढला होता बरं का, खडेबाजारवाले.

बागुलबुवाचं म्हणाल तर वॉशिंग्टनमधल्या एका पिझ्झाच्या हॉटेलात बड्या पुढाऱ्यांनी पोरं डांबलीत असं नेटवर वाचून, ४ डिसेंबर २०१६ ला, दोन मुलींचा एक बाप नॉर्थ कॅरोलायनातून रायफल घेऊन थेट तिथं गेला. आत गोळ्या झाडल्या. डांबलेली पोरं सापडली नाहीत. ज्या तळघराच्या कहाण्या होत्या ते तळघरच त्या इमारतीला नव्हतं. कोण मेलं नाही हे नशीब. त्याला चार वर्षांची शिक्षा झाली. पुढं 'बाहेरच्यांना मुद्दाम आणून आपली जागा घेतली जातेय' ही कहाणी डोक्यात घेऊन २०१९ मध्ये न्यूझीलंडात क्राइस्टचर्चला ५१, त्याच वर्षी अमेरिकेत एल पासोला २३, २०२२ ला तिथंच बफेलोत १० माणसं मारली गेली. असल्या कहाण्यांतून देशातल्या देशात हिंसा होऊ शकते, असं अमेरिकेच्या तपास यंत्रणेनं, एफबीआयनं, मे २०१९ मध्येच आपल्या लोकांना लिहून कळवलं होतं.

'टोळी आलीय' एवढं वाचून कोण दगड उचलत नाही, हे मलाही कळतं. त्याच्या पुढचं वाक्य बघा, 'पोलीस काही करणार नाहीत'. आणि शेवटचं, 'आपली मुलं आपणच राखायची'. ते वाचून झालं की माणसाला वाटायला लागतं, आपण मारत नाही, राखण करतोय. तुमच्या कालच्या मेसेजात ही दोन्ही वाक्यं आहेत. वर जाऊन बघा.

खडेबाजारवाला

वाचलं. धुळं झालं, बिदर झालं, अमेरिकाही झाली. बेळगावात काय झालं ते सांगा की.

माझा पुतण्या सहा वर्षांचा असताना जत्रेत दीड तास सापडला नाही. वहिनी चप्पल टाकून पळत होती. पाळण्याजवळ सापडला, कुल्फी खात होता. तो दीड तास तुम्ही कधी काढलाय? नाही ना? मग आम्हाला एफबीआय शिकवू नका. आणि पोरं हरवतच नाहीत का? पोलीस ठाण्यातला बोर्ड बघून या एकदा.

दुसरं. कट नसतातच का? दाभोलकर, पानसरे, कलबुर्गी, गौरी लंकेश, हे आपोआप झालं का? कलबुर्गी सरांना धारवाडात त्यांच्या घरात गोळ्या घातल्या, इथून दीड तासावर. तेव्हा तुम्हीच कट कट म्हणून ओरडत होता. तुमचा तो कट आणि आमची ती अफवा होय?

टिळकवाडी_दोन

+१. मूठभर मेले म्हणून कोट्यवधींनी मोबाइल बंद करायचा का?

जांबोटीफाटा

खडेबाजारवाले, कलबुर्गींचा मुद्दा बरा काढलात, त्याचे पूर्ण गुण. कट असतातच. पण तिथं गोळ्यांच्या पुंगळ्या तपासल्या गेल्या. कलबुर्गी आणि गौरी लंकेश यांच्या खुनात एकच पिस्तूल वापरलं गेल्याचं तपासातून पुढं आलं. दाभोलकर खटल्यात १० मे २०२४ ला पुण्याच्या कोर्टानं दोघांना जन्मठेप दिली आणि तिघांना सोडलं. तिघांना सोडलं, हे लक्षात घ्या. खऱ्या कटाच्या आरोपातून माणूस सुटू शकतो. राईनपाड्याचे पाच जण काय सांगितल्यावर सुटले असते?

पुतण्याचं वाचून मात्र पोटात गोळा आला. तो दीड तास मी काढलेला नाही.

एक_नोव्हेंबर

चर्चा भलतीकडंच चाललीय. अफवेवर विश्वास ठेवू नका म्हणून पोलिसांनी लावलेलं पत्रक आमच्या गावच्या स्टँडवर अजून आहे. पूर्ण कन्नडात. गाव सगळं मराठी. वाचणार कोण? दुकानाच्या पाटीवर ६० टक्के कन्नड पाहिजे म्हणून दंड करायला माणसं आहेत, पत्रकाखाली चार ओळी मराठी छापायला नाहीत. मग लोक फॉरवर्डवरच विश्वास ठेवणार. ते तेवढं मराठीत असतंय.

आणि 'मराठी संपवायचं कारस्थान' म्हटलं की हेच शहाणे म्हणणार, कॉन्स्पिरसी थिअरी! १९५६ पासून भोगतोय ते काय मग?

हुक्केरीची_सून

पत्रकाचं पटलं, पण एक सांगू? माहेर मराठी, सासर कन्नड, त्यामुळे माझ्या मोबाइलवर दोन्हीकडचे ग्रुप आहेत. हाच मेसेज मला दोनदा आला. माहेरच्या ग्रुपवर टोळी विजापूर-बागलकोटकडून आलेली. सासरच्या ग्रुपवर महाराष्ट्रातून. फोटो तेच, बायकाही त्याच. एक अक्षर इकडचं तिकडं नाही, फक्त चोराचं गाव बदललेलं. सासूबाईंना दाखवलं तर त्या म्हणाल्या, दोन टोळ्या असतील.

खडेबाजारवाला

😀 सासूबाईंना नमस्कार सांगा.

एक_नोव्हेंबर

हसण्यावारी नेऊ नका. माझ्या प्रश्नाचं उत्तर कोण दिलं नाही.

निवृत्त_मास्तर

मी देतो. राज्य पुनर्रचना १९५६, बेळगाव तिकडं गेलं. सीमाप्रश्नावरच्या महाजन आयोगाचा अहवाल १९६७. सीमाभागासाठी महाराष्ट्राचा सुप्रीम कोर्टातला दावा २००४. २०१४ ला १ नोव्हेंबरलाच, कर्नाटकच्या स्थापनादिनी, बेळगावचं बेळगावी. ६० टक्क्यांची पाटी, तो कायदाच आहे. यातलं काहीही चोरून झालेलं नाही. पटत नसेल तर लढा, मीही तुरुंग बघितलाय, विद्यार्थी असताना. ही तक्रार आहे. तिला कागद आहे, तारीख आहे, समोर वकील आहे. कारस्थानाची कहाणी म्हणजे 'पाटलांच्या माडीवर भाड्यानं राहिलेला कन्नड मास्तर इथल्या पोरांची यादी वर पाठवतोय'. हे गेल्या नोव्हेंबरात आपणच इथं लिहिलं होतं. त्याच्याकडं यादी होती, खरं आहे. हजेरीची होती.

एक_नोव्हेंबर

मास्तर, तुम्ही पेन्शन कुणाचं खाता ते आधी सांगा.

निवृत्त_मास्तर

कर्नाटक सरकारचं. सदतीस वर्षं मराठी शिकवल्याचं. आणखी काही?

टिळकवाडी_दोन

मास्तरांवर कशाला घसरताय? पण २००४ पासून नुसत्या तारखा पडतात हेही खरं की. कागद आहे, वकील आहे, निकाल कुठाय? माणसाचा कागदावरचा विश्वास उडाला की तो कहाणीच ऐकणार.

निवृत्त_मास्तर

हे मान्य. नाइलाजानं मान्य.

पण त्या विश्वास उडालेल्यांनी केलं काय तेही बघा. डिसेंबर २०२२, हिरेबागेवाडीचा टोलनाका. महाराष्ट्र पासिंगच्या ट्रकांवर दगड. त्याच दिवशी पुण्यात कर्नाटकच्या बसला काळं फासलं. त्या ड्रायव्हरला महाजन हे आयोगाचं नाव की किराणा दुकानाचं, हे तरी ठाऊक असेल का?

एक_नोव्हेंबर

दगड त्यांनी मारले. पहिल्यांदा त्यांनी. क्रम लक्षात ठेवा.

हुक्केरीची_सून

सासरच्या ग्रुपवरही हेच असतं, पहिल्यांदा त्यांनी. फेब्रुवारी २०२५ ला कंडक्टरला झालेल्या मारहाणीनंतर दोन्हीकडच्या बस बंद पडल्या, तेव्हा मी कोल्हापूरला भावाकडं अडकले. त्या दिवसांत माझ्या मोबाइलवर एकाच भांडणाच्या इतक्या कहाण्या आल्या की मी मोजणं सोडलं. कागलपर्यंत रिक्षा, पुढं मिळेल ते, अशी घरी आले. एका जीपवाल्यानं आधी विचारलं, 'वहिनी, मराठी का कन्नड?' मी म्हटलं, तुमचं काय ते सांगा, तेच माझं.

निपाणीकर

आठ दिवस नुसता वाचत होतो. आता लिहितो.

मी गर्दीत होतो. राईनपाड्याच्या नाही, आमच्याकडच्या. २०१८ चाच पावसाळा. टीव्हीएसवर सतरंज्या, चादरी लादून विकणारा एक जण आला होता. सकाळीच ग्रुपवर मेसेज. मी गाडीची किल्ली काढून घेतली. कोण सांगितलं नव्हतं, आपणहून. मराठीत विचारलं, कुठला तू? तो भांबावला, काहीतरी हिंदीत बोलला. कुणीतरी कन्नडात विचारलं, याव ऊरू? तेही कळलं नाही. झालं. दोन्ही भाषा येत नाहीत म्हणजे चोरच, असं मागनं कुणीतरी ओरडलं. पहिली चापट कुणाची ते सांगत नाही. दहाचे साठ कधी झाले समजलं नाही.

तेवढ्यात गल्लीतली एक म्हातारी वाट काढत आली. तिच्या हातात दीडशे रुपये. 'ह्याचे द्यायचेत मला, गेल्या साली सतरंजी घेतली होती उधार.' नोटा त्याच्या हातात कोंबल्या आणि तिथंच उभी राहिली, हलेना. मग एकेक जण सरकला.

मी किल्ली परत दिली तर त्यानं मला हात जोडले. मला.

मी गुंड नाही. पतसंस्थेत वसुलीला आहे, दोन पोरी आहेत. खडेबाजारवाले, तुमचं 'सावध झालो तर बिघडलं काय' वाचलं आणि त्या दिवशीचा मी आठवलो. अगदी तसाच सावध होतो.

टिळकवाडी_दोन

म्हातारीनं उधारी आधीच फेडली असती तर?

निपाणीकर

तेच डोक्यातनं जात नाही.

जांबोटीफाटा

नव्या भारतीय न्याय संहितेत, १ जुलै २०२४ पासून, पाच किंवा जास्त जणांनी मिळून जात, जन्मस्थान, भाषा अशा कारणावरून खून केला तर वेगळं कलम आहे. १०३, पोटकलम २. फाशी किंवा जन्मठेप. 'भाषा' हा शब्द त्यात सरळ लिहिलाय. निपाणीकरांचं वाचेपर्यंत मला तो आपल्या टोलनाक्यावरच्यांसाठी वाटायचा.

एक_नोव्हेंबर

आता कलमं. ते तरी मराठीत मिळेल का?

निवृत्त_मास्तर

माझ्याकडं आहे. घरी या, देतो. चहाही देतो, कर्नाटक सरकारच्या पेन्शनचा.

एक_नोव्हेंबर

येतो. साखर कमी.

खडेबाजारवाला

बरं. सगळ्यांनी मिळून मलाच धरलंय तर सांगतो. फॉरवर्डनं कोण मरत नाही, हे वाक्य मागं घेतो. पोरांना सांभाळा हे घेणार नाही.

हुक्केरीची_सून

ते कोण म्हणतंय? पण इथनं तो मेसेज काढा की आधी.

खडेबाजारवाला

इथला काढला सकाळीच. घरच्या ग्रुपवर टाकलेला निघेना. 'सर्वांसाठी डिलीट' करायची मुदत गेली, नुसता माझ्याकडनं गेला.

टिळकवाडी_दोन

अ‍ॅडमिनला सांगा मग.

खडेबाजारवाला

अ‍ॅडमिन आमचे दाजी आहेत. मला तो मेसेज त्यांनीच पाठवला होता.